लक्झरी गाडीचं ऑइल बदलणं: संभाजीनगरात किती पैसे लागतात आणि ते कशाचे

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एकत्र येऊन एकाच सौद्यात १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. त्या पिढीच्या सी-क्लास आणि ई-क्लास आता पंधरा वर्षांच्या झाल्या. तेवढ्या जुन्या मर्सिडीज, ऑडी, बीएमडब्ल्यू आज एखाद्या नव्या मध्यम गाडीपेक्षाही कमी पैशांत मिळतात. माणूस हौसेने घेतो आणि पहिल्या सर्व्हिसिंगचं एस्टिमेट हातात पडलं की बिचकतो. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या ऑइलची आणि फिल्टरची उतरत नाही.

हा आढावा फक्त ऑइल बदलण्याच्या कामाचा आहे: कंपनीचं वर्कशॉप, जर्मन गाड्यांवर काम करणारं बाहेरचं गॅरेज आणि कोपऱ्यावरचा नेहमीचा मिस्त्री, या तिन्ही ठिकाणी काय मिळतं आणि किती पैशांत. आमचं मत आधीच सांगून टाकतो. वॉरंटी किंवा सर्व्हिस पॅकेज चालू आहे तोवर कंपनीकडेच जा. ते संपलं की जर्मन गाड्यांवर रोज हात असलेलं बाहेरचं गॅरेज चांगलं, पण ऑइल डब्यावरचा अप्रूव्हल नंबर, म्हणजे गाडीच्या कंपनीचा मान्यता क्रमांक, स्वतः वाचून घ्यायचं. पैसे वाचवायचे ते मजुरीत आणि वरच्या कामांत. ऑइलच्या दर्जात काटकसर केली तर ती पुढे टर्बो, टायमिंग चेन नाहीतर डीपीएफच्या (डिझेलच्या धुरातली काजळी धरणाऱ्या फिल्टरच्या) बिलात भरावी लागते, आणि ती बिलं लाखांत असतात.

बिल उघडून पाहिलं तर

चार सिलिंडरची २.१ लिटर डिझेल सी-क्लास घ्या. इंजिनात साधारण साडेसहा लिटर ऑइल बसतं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ऑइल लिटरला १,४०० रुपये धरलं तर ९,१०० होतात. फिल्टर १,८००, चेंबर बोल्टचं (जुनं ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचं) वॉशर १५०, मजुरी ३,५०० आणि 'कंझ्युमेबल्स' नावाखाली ५०० असे धरले तर बेरीज १५,०५०. त्यावर १८ टक्के जीएसटी २,७०९. म्हणजे पावणेअठरा हजार, तेही नुसत्या ऑइल आणि फिल्टरचे. हे आकडे ढोबळ आहेत, मॉडेलप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे खाली-वर होतात, पण बिलाचा आकार असाच असतो.

तेच काम बाहेर केलं तर कंपनीने मान्य केलेलं ऑइल लिटरला साडेनऊशेच्या आसपास पडतं. पाच लिटरचा एक डबा आणि एकेक लिटरचे दोन, असे सात लिटर घ्यावे लागतात: ६,६५०. मान, माहले किंवा हेंगस्ट यांपैकी एखाद्या कंपनीचा फिल्टर १,२००, वॉशर ५०, मजुरी १,२००. एकूण ९,१००, आणि मजुरीचं पक्कं बिल घेतलं तर आणखी दोनशे-सव्वादोनशे. वर अर्धा लिटर ऑइल शिल्लक राहतं, ते डिकीत ठेवायला कामी येतं. फरक साडेआठ हजारांच्या आसपास बसतो.

हा फरक येतो कुठून, ते पाहा. फिल्टर बनवणारे कारखाने बऱ्याचदा तेच असतात, फक्त खोक्यावरचा तारा किंवा चार वर्तुळं बदलतात. ऑइलच्या लिटरमागे चार-साडेचारशेचा फरक आहे, म्हणजे साडेसहा लिटरला तीन हजारांच्या घरात. मजुरीत दोन-सव्वादोन हजार. बाकी बराचसा जीएसटीमुळे दिसणारा फरक, कारण बाहेरच्या डब्यावरच्या एमआरपीत कर आधीच धरलेला असतो आणि वर्कशॉप तो शेवटी लावतं. दोन बिलं शेजारी ठेवताना हे लक्षात घ्यायला हवं. आणखी एक: जुन्या बिलांत अनेक सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी दिसेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं बिल दाखवून कुणी 'एवढेच लागतात' म्हणत असेल तर कराचा आकडा आधी पाहा.

मोठ्या इंजिनांना हिशेब वाढतो तो ऑइलच्या मापामुळे. ऑडीचं दोन लिटर टीडीआय डिझेल पाच लिटरच्या आत-बाहेर घेतं, दोन लिटर टीएफएसआय पेट्रोल पाच-साडेपाच. बीएमडब्ल्यूची दोन लिटर इंजिनंही साधारण तेवढंच घेतात. सहा सिलिंडर तीन लिटर डिझेलला साडेसहा ते साडेआठ लिटर लागतं, मर्सिडीजचं व्ही-सिक्स त्यात वरच्या टोकाला. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि 'फिल्टरसह' असं लिहिलेला आकडाच धरायचा. एस्टिमेटमध्ये त्याहून एक लिटर जास्त लावलं असेल तर विचारा. वर्कशॉपमध्ये ऑइल बॅरलमधून गनने मोजून येतं, त्यामुळे ६.५ लिटरला ७ लिटरचं बिल व्हायचं कारण नाही.

शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडी जुळवल्या जातात, म्हणून इथे तिची सर्व्हिस स्वस्त असेल असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही. ऑइल आणि फिल्टर ज्या साखळीतून पुण्याला जातात, त्याच साखळीतून संभाजीनगरला येतात.

डब्यावरचा नंबर

दुकानात '५डब्ल्यू-३० सिंथेटिक द्या' म्हटलं की दुकानदार जे पुढे करेल ते आपल्या गाडीला चालेलच असं नाही. ५डब्ल्यू-३० ही फक्त जाडी आहे. लक्झरी गाड्यांना त्याहून महत्त्वाचा असतो तो गाडी बनवणाऱ्या कंपनीचा मान्यता क्रमांक. मर्सिडीजसाठी एमबी २२९.५, २२९.५१, २२९.५२, आणि नव्या ०डब्ल्यू-२० ऑइलसाठी २२९.७१. बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-०१, लाँगलाइफ-०४ किंवा लाँगलाइफ-१७ एफई प्लस. ऑडी, स्कोडा आणि फोक्सवॅगनसाठी ५०२ ००, ५०४ ००/५०७ ०० आणि ०डब्ल्यू-२० वाल्यांसाठी ५०८ ००/५०९ ००. जग्वार लँड रोव्हर आणि व्होल्वोचे क्रमांक आणखी वेगळे.

यामागे रसायनशास्त्र आहे. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमधला डीपीएफ काजळी धरतो आणि ती जाळून टाकतो. पण ऑइलमधल्या धातूंच्या अ‍ॅडिटिव्हची जी राख तयार होते, ती जळत नाही, तिथेच साचते. म्हणून २२९.५१, २२९.५२, लाँगलाइफ-०४ आणि ५०७ ०० ही ऑइलं कमी राखेची असतात. एसीईए या युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ गटात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. ए३/बी४ गटातल्या ऑइलमध्ये ती एक टक्क्याच्या वर जाऊ शकते. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं, दोन्ही फुल सिंथेटिक, दोन्ही चांगल्या कंपनीची. पण एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये ए३/बी४ वालं ऑइल वर्षानुवर्षं घातलं तर डीपीएफ हळूहळू कायमचा भरत जातो. तो रिजनरेशनने (काजळी जाळायच्या सफाईने) मोकळा होत नाही, काढून साफ करावा लागतो नाहीतर बदलावा लागतो.

आता डबा हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे दोन प्रकारची वाक्यं असतात. 'एमबी-अप्रूव्हल २२९.५२' असं लिहिलेलं असेल तर त्या ऑइलची मर्सिडीजच्या चाचण्यांतून मान्यता झालेली आहे. 'रेकमेंडेड फॉर' किंवा 'मीट्स द रिक्वायरमेंट्स ऑफ' असं लिहून पुढे तोच नंबर दिला असेल तर ते ऑइल बनवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं आहे. मान्यता नसलेलं प्रत्येक ऑइल वाईट असतं असं नाही, पण पैसे तेवढेच मोजायचे असतील तर मान्यतेचंच घ्यावं. मर्सिडीज आपल्या मान्य ऑइलांची यादी 'बेव्हो' नावाच्या संकेतस्थळावर उघडी ठेवते. डब्याचं नेमकं नाव तिथे सापडतं का, हे दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर दोन मिनिटांत पाहता येतं.

नकली मालाची भीती खरी आहे. प्रसिद्ध ब्रँडचा पाच लिटरचा डबा बाजारभावापेक्षा तीस-चाळीस टक्के स्वस्त मिळत असेल तर सोडून द्या. झाकणाची रिंग उघडताना तुटली पाहिजे, आतला फॉइल अखंड असला पाहिजे, डब्यावर छापलेला बॅच नंबर पुसट किंवा स्टिकरवर नको, आणि क्यूआर कोड असेल तर तो कंपनीच्याच पानावर उघडला पाहिजे. अधिकृत वितरकाचं जीएसटी बिल घ्या. काम झालं की रिकामे डबे परत भरू नयेत म्हणून त्यांना भोक पाडायला सांगा. चांगलं गॅरेज स्वतःहून पाडतं.

'आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल घाला'

हा सल्ला मराठवाड्यात सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो हे खरं. पण इंजिन तापलं की ऑइलचं तापमान शंभर अंशांच्या आसपास असतं. थर्मोस्टॅट, कूलर आणि फॅन ते तिथेच राखतात. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा शंभर अंशांवरच्याच जाडीचा आहे. बाहेर ४२ असो की २२, चालत्या इंजिनातल्या ऑइलला फार फरक पडत नाही.

२०डब्ल्यू-५० घातलं तर काय होतं? सकाळी सुरू करताना ते वर पोचायला वेळ लागतो. तेवढे क्षण टर्बोचा शाफ्ट आणि कॅमशाफ्ट जवळजवळ कोरडे फिरतात. टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर उभा असतो, म्हणून सुरू करताना मागून किंवा पुढून खडखड येते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या दोन लिटर डिझेलमध्ये चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ऑडीच्या तीन लिटर डिझेलमध्येही मागे. ती बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ज्या इंजिनांना ०डब्ल्यू-२० सांगितलं आहे, तिथे व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा आणि कमी-जास्त दाब देणारा पंप पातळ ऑइलच धरून बनवलेला असतो. मॅन्युअलमध्ये पर्यायी ग्रेड दिली असेल तर ती चालते. मिस्त्रीने सुचवलेली चालत नाही.

मराठवाड्यात खरी काळजी करायची ती धुळीची आणि मुदतीची. काळ्या मातीची बारीक धूळ, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते, लग्नसराईत एसी चालू ठेवून उभी असलेली गाडी. एअर फिल्टरची कड नीट बसली नसेल तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोचते. म्हणून दर वेळी ऑइल बदलताना एअर फिल्टर बाहेर काढून पाहायला सांगा. मुदतीबाबत आमचं मत: डॅशबोर्डवर १५,००० किलोमीटर दाखवत असलं तरी शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीचं ऑइल १०,००० वर किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा बदला. समृद्धी महामार्गावर एकसारख्या वेगात मुंबई-नागपूर करणाऱ्या गाडीला कंपनीची मुदत पुरते. वर्ष मात्र कुणीच ओलांडू नये, गाडी चार हजार किलोमीटरच चालली असली तरी.

काम कसं व्हायला पाहिजे

चांगलं गॅरेज ओळखायचं असेल तर काम चालू असताना शेजारी उभं राहा. जिथे उभं राहू देत नाहीत, तिथे निदान फोटो मागा.

इंजिन कोमट हवं, कढत नको. गाडी लिफ्टवर समतल. मग खालचं प्लास्टिकचं कव्हर. या गाड्यांच्या पोटाखाली मोठा अंडरट्रे असतो, त्याला डझनभर टॉर्क्स आणि षटकोनी स्क्रू. घाईचा मिस्त्री त्यातले चार परत लावत नाही. मग समृद्धीवर वेगात हवेने कव्हर फडफडतं आणि एक दिवस फाटून लोंबतं. नवं कव्हर स्वस्त नसतं. काम संपल्यावर एकही स्क्रू हातात उरता कामा नये.

चेंबर बोल्ट उघडण्याआधी वर फिल्टरची टोपी सैल करतात, म्हणजे हाउसिंगमधलं जुनं ऑइल खाली चेंबरला उतरतं. टोपी प्लास्टिकची असते. तिला मापाचा कॅप पानाच लागतो. पट्टा-पाना किंवा चॅनल पान्याने उघडली की कडा चुरतात आणि पुढच्या वेळी टोपीच फुटते. फिल्टरच्या खोक्यात मोठी ओ-रिंग असते, आणि बीएमडब्ल्यूसारख्या इंजिनांत टोपीच्या दांड्यासाठी एक लहान रिंगही असते. ती लहान रिंग खोक्यातच राहणं ही बाहेरच्या गॅरेजमधली नेहमीची चूक. बाहेर गळती दिसत नाही, पण आत ऑइल फिल्टरला वळसा घालून जाऊ शकतं. सगळ्या रिंगा नव्या, त्यांना नव्या ऑइलचं बोट फिरवलेलं, आणि टोपी २५ न्यूटन मीटर जोराने आवळलेली. हा आकडा बऱ्याचदा टोपीवरच कोरलेला असतो.

खाली बोल्टची गोष्ट त्याहून गंभीर. चेंबर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं असतं. बीएमडब्ल्यूचा एम१२ बोल्ट २५ न्यूटन मीटरवर, मर्सिडीज आणि ऑडीचा एम१४ बोल्ट ३० वर बसतो. हाताच्या टॉर्क पान्याने (ठरवलेला जोर आला की कळवणाऱ्या पान्याने) एक हलकी 'टक' आली की थांबायचं. हवेच्या गनने ठोकला की आटे जातात. गेले की आधी थेंब, मग धार, आणि मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा नाहीतर नवं चेंबर घ्या. ऑडीच्या अनेक इंजिनांत बोल्टला वॉशर जोडलेलंच येतं, म्हणून बोल्ट दर वेळी नवा लावायचा. काही नव्या इंजिनांत चेंबरही प्लास्टिकचं आणि बोल्टही पाव फेऱ्यात उघडणारा प्लास्टिकचा. तो पुन्हा वापरायचा नसतो. बिलात त्याचे शंभर-दोनशे रुपये दिसले तर हुज्जत घालू नका. ते दिसले नाहीत तरच विचारा.

ऑइल दहा-पंधरा मिनिटं गळू द्यायचं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मर्सिडीजचं ऑइल अनेकदा वरून डिपस्टिकच्या नळीतून मशीनने ओढतात. त्याला आमची हरकत नाही: कव्हर उघडावं लागत नाही, आटे वाचतात. पण दोन-तीन सर्व्हिसनंतर एकदा खालून काढावं. बोल्ट उघडल्यावर ऑइलमध्ये धातूचा चुरा आहे का हे दिसतं, आणि खाली कुठे पाझर आहे का तेही. जुना फिल्टरही कापून किंवा निदान घड्या उघडून पाहावा. चमकणारे कण दिसले तर चेन किंवा बेअरिंगकडे लक्ष द्यायची वेळ आली.

भरताना सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओतायचं. इंजिन सुरू करून ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझतो का पाहायचं, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग मोजायचं आणि थोडं थोडं वाढवायचं. नव्या बीएमडब्ल्यू, ऑडी आणि बऱ्याच मर्सिडीजमध्ये डिपस्टिकच नाही. पातळी स्क्रीनवर, गाडी समतल जागेवर आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच खरी कळते. म्हणून अशा गाडीची शेवटची मोजणी गॅरेजमध्ये होत नाही, एक फेरफटका मारल्यावर होते. कमीत कमी आणि जास्तीत जास्त खुणांमधलं अंतर बहुतेक इंजिनांत एक लिटरच्या आसपास असतं. 'डबा संपवून टाकू' म्हणून सातही लिटर ओतले की पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाते, क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो, ब्रीदरमधून ऑइल इनटेकला जातं, सील ओले होतात. कमी भरण्याइतकंच जास्त भरणंही नुकसानीचं आहे, आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये हेच जास्त घडतं.

शेवटी सर्व्हिस रीसेट. जुन्या मर्सिडीजमध्ये स्टीअरिंगच्या बटणांतून, बीएमडब्ल्यूत ट्रिपच्या बटणातून होतो. नव्यांना स्कॅनर लागतो. स्कॅनर नसलेला मिस्त्री 'दिवा आपोआप जाईल' म्हणतो. तो जात नाही.

कंपनीचं वर्कशॉप: काय घ्यावं, काय नाकारावं

इथे ऑइल खरं असतं, फिल्टर खरा असतो, टॉर्क पाना भिंतीवर टांगलेला असतो आणि कामाची नोंद डिजिटल सर्व्हिस बुकात जाते. गाडी विकताना त्या नोंदीचे पैसे वसूल होतात. सॉफ्टवेअर अपडेट आणि रिकॉल असतील तर तेही इथेच कळतात. तक्रार एकच, पण ती मोठी: ऑइल बदलायला गेलेल्या गाडीच्या जॉब कार्डवर इतर कामांची रांग लागते. इंजिन फ्लश, फ्युएल सिस्टम क्लीनिंग, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंजिन कोटिंग. ही सगळी मिळून ऑइलच्या बिलाइतकीच होऊ शकतात.

इंजिन फ्लश नाकारा. मुदतीत ऑइल बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नसते. ज्या इंजिनात गाळ साठलाय त्यात तो एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. अशा इंजिनाला चांगलं ऑइल घालून ५,००० किलोमीटरवर पुन्हा बदललं तर काम सुरक्षित होतं. इंजिन कोटिंगही नको. केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल आणि डिझेल फिल्टर मात्र मुदत आली असेल तर खरी कामं आहेत, ती टाळू नका. अ‍ॅडब्लू (नव्या डिझेल गाड्यांचा धूर स्वच्छ करणारा द्रव) भरण्याचं बिल पाहा. आयएसओ २२२४१ लिहिलेलं डीईएफ, म्हणजे तोच द्रव, पेट्रोल पंपावर बरंच स्वस्त मिळतं आणि झाकण उघडून स्वतः ओतता येतं.

जॉब कार्डवर सही करताना पेनने लिहा: 'ऑइल, ऑइल फिल्टर, वॉशर. बाकी काम फोनवर विचारून.' सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर नम्र असतात, लिहिलं की ऐकतात.

नवी गाडी घेताना मर्सिडीजचं स्टार ईझ, बीएमडब्ल्यूचं सर्व्हिस इन्क्लुझिव्ह किंवा ऑडीचा सर्व्हिस प्लॅन विचारात घ्या. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या वर चालणाऱ्यांना तो बहुधा परवडतो. जुनी बीएमडब्ल्यू घेत असाल तर सर्व्हिस इन्क्लुझिव्ह शिल्लक आहे का, हे चासिस नंबरवरून आधी विचारा. शिल्लक असेल तर पुढची ऑइल सर्व्हिस आधीच भरलेली आहे.

बाहेरचं गॅरेज

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा गाडी कंपन्यांविरुद्ध आदेश दिला होता. त्यांत मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूही होत्या. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळावीत, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असा त्याचा रोख होता. कंपन्या त्याविरुद्ध वरच्या न्यायालयांत गेल्या. व्यवहारात आजही वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन बिघडलं तर बाहेरच्या ऑइलवर बोट ठेवलं जातं, म्हणून वॉरंटीत धोका पत्करू नये.

वॉरंटी संपल्यावर संभाजीनगरात जर्मन गाड्यांचं काम करणारी गॅरेज शोधताना चार गोष्टी पाहा: टॉर्क पाना, मापाचे कॅप पाने, त्या ब्रँडचा स्कॅनर आणि जीएसटी बिल. चारही असतील तर ऑइल बदलण्यात ते कंपनीच्या वर्कशॉपपेक्षा कमी नाही, आणि पैसे निम्मे. यातलं एक जरी नसेल तर तो मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी या गाडीसाठी नको. बिलावर ऑइलचं पूर्ण नाव, मान्यता क्रमांक, लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या. जळक्या ऑइलचं काय करतात तेही विचारा. ते घातक कचऱ्यात मोडतं. बॅरलमध्ये साठवून नोंदणी असलेल्या रिसायकलरला देणारं गॅरेज बाकीच्या कामातही शिस्तीचं असतं. वाळवीला लावायला म्हणून ते घरी मागून नेऊ नका, हाताला आणि जमिनीला दोन्हीला वाईट.

नांदेड, लातूर, हिंगोली, धाराशिवकडच्या मालकांसाठी हिशेब आणखी वेगळा. नांदेडहून संभाजीनगरला जाऊन-येऊन पाचशेच्या वर किलोमीटर होतात, म्हणजे नुसत्या डिझेलला चार हजारांच्या आसपास आणि एक पूर्ण दिवस. हैदराबाद किंवा पुणे तरी वेगळं नाही. त्यांनी मान्यतेचं ऑइल, फिल्टर आणि वॉशर अधिकृत वितरकाकडून मागवून घरी ठेवावं, गावातल्या लिफ्ट आणि टॉर्क पाना असलेल्या गॅरेजमध्ये समोर उभं राहून ऑइल बदलून घ्यावं, आणि वर्षातून एकदा मोठ्या शहरात दुसऱ्या कामाने जाणं होईल तेव्हा पूर्ण तपासणी व स्कॅन करावं. ऑइल बदलण्यासाठी म्हणून वेगळी फेरी मारण्यात अर्थ नाही.

काम झाल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी खाली पुठ्ठा सरकवा. त्यावर डाग पडला तर फिल्टरची टोपी किंवा चेंबर बोल्ट. शे-दोनशे किलोमीटरवर पातळी पुन्हा पाहा, आणि नंतर महिन्यातून एकदा. पातळी घटत असेल तर लिहून ठेवा. काही जुन्या दोन लिटर टीएफएसआय इंजिनांना पिस्टन रिंगांमुळे ऑइल खायची खोड आहे. हजार किलोमीटरला अर्धा लिटर लागत असेल तर ते ओळखलं पाहिजे. डिझेलमध्ये पातळी वाढत असेल तर गोष्ट उलटी. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालते, डीपीएफची सफाई अर्ध्यात तुटते आणि जादा डिझेल चेंबरमध्ये उतरतं. लँड रोव्हर आणि जग्वारच्या दोन लिटर डिझेलमध्ये हे विशेष दिसतं. डिपस्टिकला डिझेलचा वास आला किंवा स्क्रीनवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर मुदतीची वाट न पाहता ऑइल बदला. आणि आठवड्यातून एकदा जालना रस्त्याने किंवा समृद्धीवर अर्धा तास एकसारख्या वेगात गाडी चालवा, म्हणजे रिजनरेशन पूर्ण होतं आणि नवं घातलेलं महागडं ऑइल पातळ होत नाही.